मृदंग कोणाला बरं करतो?



ही निरूपणं गादीवर उभं राहून सांगितलेली आहेत, आता ती छापून आपल्या हाती येत आहेत. कीर्तनात बुवाच्या मागं टाळकरी असतात, बाजूला मृदंग असतो. बुवाचं एखादं वाक्य लंगडं पडलं तर मृदंगाची एक थाप ते सावरून घेते. कागदावर तो आधार नाही. म्हणून आज ज्याच्या आधारानं इतकी वर्षं उभा राहिलो, त्या मृदंगाबद्दलच बोलू. आणि जपून बोलू. जपून का, तेही सांगतो. सुरुवात तिथूनच करायची आहे.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. चौथ्या दिवसाची कीर्तनसेवा माझी. त्या रात्री मृदंग असा काही लागला होता की मंडपातली पोरंसुद्धा झोपली नाहीत. मलाही भर चढला. भरात बोलून गेलो, "मंडळी, ह्या नादानं अंगातला रोग पळतो! औषधाची पुडी कशाला पाहिजे? ही मृदंगाची पुडी आहे ना!" लोक हसले, टाळ्या पडल्या. पुडीवरची कोटी मलाही आवडली. पुढं दोन-तीन गावी मी ती पुन्हा सांगितली.

पुढच्या रांगेत एक शेतकरी बसले होते. आपण त्यांना तात्या म्हणू. त्यांना साखरेचा आजार होता, इंजेक्शन चालू होतं. तात्यांनी ते बंद केलं. रोज देवळात भजनाला जायचे, मृदंगाजवळ बसायचे. दोन वर्षांनी त्याच गावी गेलो तर तात्या कुबडीवर. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कीर्तन झाल्यावर पाया पडायला आले, मी त्यांना वाकू दिलं नाही. विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मी जागच्या जागी थिजलो. ते म्हणाले, "म्हाराज, तुमच्यावर राग न्हाई. मृदंग ऐकला की मला बरं वाटायचं, ते खरंच हुतं. बरं वाटनं आन् बरं होनं, ह्यात माझी गल्लत झाली."

माउली, गल्लत त्यांची नव्हती, माझी होती. गादीवरून बोललेला शब्द लोक प्रमाण मानतात. त्या दिवसापासून ती कोटी मी सोडली, आणि मनाला एक प्रश्न लागला. मृदंगानं बरं वाटतं ते कशानं? आणि बरं वाटणं ही लहानसहान गोष्ट आहे का? मग मी जुनं वाचू लागलो, शिकलेल्या श्रोत्यांना विचारू लागलो, दूरदूरच्या देशांतल्या ढोलांच्या गोष्टी गोळा करू लागलो. त्यातल्या चार आज सांगतो.

आधी आपला मृदंग आला कुठून ते बघू.

आपल्याकडं परंपरा अशी सांगते की भगवान शंकरांनी तांडव संपवताना चौदा वेळा डमरू वाजवला आणि त्यातून चौदा सूत्रं निघाली. त्यावर पाणिनींनी व्याकरण उभं केलं. म्हणजे बघा, आपल्या श्रद्धेत अक्षरसुद्धा आधी डमरूच्या पोटात होतं, मग माणसाच्या जिभेवर आलं.

दुसरी कथा भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातली. कातड्यानं मढवलेल्या वाद्यांना शास्त्रात अवनद्ध वाद्यं म्हणतात. त्यांच्या अध्यायात स्वाती नावाच्या मुनींची गोष्ट येते. पावसाळ्याचे दिवस, पाठाला सुटी. स्वातीमुनी पाणी आणायला तळ्यावर गेले आणि पाऊस कोसळू लागला. तळं कमळांनी भरलेलं. मोठ्या पानावर थेंब पडला की गंभीर आवाज, मधल्या पानावर वेगळा, लहान पानावर आणखी वेगळा. मुनी घागर विसरून ऐकतच राहिले. आश्रमात आले आणि विश्वकर्म्याच्या मदतीनं त्यांनी मृदंग, पणव, दर्दुर ही वाद्यं घडवली. मृत् म्हणजे माती. मातीचं अंग तो मृदंग. पुढं मातीच्या जागी लाकूड आलं, नाव मात्र राहिलं.

आज मृदंगमणी वाजवायला बसतात तेव्हा एकदा नीट बघा. डाव्या तोंडाला ते ओली कणीक लावतात, त्यातून धुमाचा भरदार आवाज येतो. उजव्या तोंडावर मधोमध काळी शाई असते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ थरावर थर देऊन घोटलेली. ही शाई काय करते? साध्या ढोलाचं कातडं थापेसरशी अनेक तऱ्हांनी थरथरतं आणि त्या थरथरींचं आपसात जुळत नाही. म्हणून ढोलातून दणका निघतो, सूर निघत नाही. शाईच्या वजनानं ती थरथर अशी आवरली जाते की वरचे नाद मूळ नादाच्या दुपटीत, तिपटीत बसतात, आणि कातड्यातून सूर येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे तपासून पाहिलं. १९२० साली 'नेचर' ह्या नियतकालिकात आणि पुन्हा १९३४ साली त्यांनी आपल्या मृदंग-तबल्यावर लिहिलं. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस आपल्या शाईपुढं थांबला, हे लक्षात असू द्या. आणि शाईचं कामही लक्षात ठेवा: जे विखुरलेलं आहे, ते एका नात्यात आणायचं. पुढं आपल्याला तेच लागणार आहे.

आता दुःखाचा विचार. आपल्या पूर्वजांनी दुःखाची दोन नावं ठेवली, आधी आणि व्याधी. व्याधी शरीराची, आधी मनाची. योगवासिष्ठात वसिष्ठ ह्याचा ऊहापोह करतात आणि आधीतून काही व्याधी उपजतात असंही सांगतात. पण दोघींना एक म्हणत नाहीत. मी ते विसरलो होतो. ते मनात धरून आता चार गोष्टी ऐका.

पहिली गोष्ट उत्तर ध्रुवाकडची. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया ह्या देशांच्या अगदी वरच्या टोकाला सामी नावाचे लोक राहतात. रेनडिअर हे त्यांचं गोधन. त्यांच्या जाणत्या माणसाला नोआइदी म्हणत, आणि नोआइदीजवळ ढोल असे. लाकडाच्या कड्यावर रेनडिअरचं कातडं ताणलेलं, त्यावर झाडाच्या सालीच्या लाल रसानं सूर्य, देव, जनावरं, माणसं काढलेली. ढोलावर एक कडी ठेवायची आणि रेनडिअरच्या शिंगाच्या हातोडीनं वाजवायचं. कडी नाचत ज्या चित्रावर जाई त्यावरून कौल घेत. शिकार मिळेल का, आजारी माणूस उठेल का, ते त्यावरून बघत.

सतराव्या शतकात तिथल्या राजांनी आणि पाद्र्यांनी हे ढोल जप्त करायला सुरुवात केली, कित्येक जाळले. आर्येप्लोग भागात लार्स निल्सन नावाचा एक म्हातारा होता. त्याचा नातू पाण्यात बुडून गेला. म्हाताऱ्यानं काय केलं असेल? ढोल काढला, जुन्या देवांपुढं बसला आणि वाजवू लागला, की पोराचा जीव परत द्या. ते लोकांनी पाहिलं. खटला झाला. १६९३ साली त्या आजोबाला त्याच्या ढोलासकट आणि देवांसकट जाळण्यात आलं.

माउली, बुडालेलं पोर ढोलानं उठलं नाही. हे मी आधी सांगतो, कारण मला तात्यांचा पाय दिसतो. गेलेला श्वास, साचलेली साखर, तुटलेलं हाड ह्यांवर मृदंगाची सत्ता चालत नाही. पण त्या म्हाताऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याला विचारा. त्या वेळी हातांना काही तरी करायला लागतं. कोणी ऊर बडवून घेतं, कोणी भिंतीवर डोकं आपटतं. त्यानं ढोल बडवला. तो देवाकडं फोडलेला टाहो होता. आणि तेवढ्यासाठी त्याला जाळलं.

त्याच सुमारास नॉर्वेच्या बाजूला आन्दर्स पोल्सन नावाच्या दुसऱ्या वृद्ध सामी माणसाचा ढोल १६९१ साली जप्त झाला. खटला चालू असतानाच कोठडीत त्याचा खून झाला. ढोल डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात गेला. त्या ढोलाची मालकी सामी लोकांना कधी परत मिळाली? २०२२ साली. तीनशे तीसहून जास्त वर्षं एक जमात एका ढोलाची वाट बघत होती.

दुसरी गोष्ट इटलीची. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टाचेला सालेंतो म्हणतात. गहू, तंबाखू, द्राक्षाचा मुलूख. तिथं उन्हाळ्यात कापणीच्या दिवसांत शेतमजूर बायका अचानक कोसळायच्या. म्हणायच्या, तारांतुला कोळी चावला. खाणं सुटायचं, बोलणं सुटायचं, जमिनीवर लोळायच्या. मग घरचे लोक वाजवणारे बोलवायचे. हातात धरायची लहान डफासारखी तांबुरेल्लो, सोबत व्हायोलिन. वाजवणारा वेगवेगळे ठेके लावून बघायचा. एखादा ठेका लागू पडला की बाई उठायची आणि नाचायची. तासन्तास, कधी दिवसच्या दिवस. दमून पडली की म्हणायचे, संत पौलाची कृपा झाली. मग २९ जूनला गालातीना गावातल्या संत पौलाच्या देवळात जाऊन नवस फेडायचा.

वाचताना तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं? आपल्याकडं संबळ वाजला, हलगी कडाडली, की एखाद्या बाईच्या अंगात येतं, केस मोकळे सुटतात, तेच ना?

१९५९ च्या उन्हाळ्यात एर्नेस्तो दे मार्तिनो नावाचे विद्वान तिथं गेले. बरोबर मनोविकारांचे जाणकार घेतले, संगीताचे घेतले. घरोघरी जाऊन त्यांनी चौकशी केली आणि १९६१ साली ग्रंथ लिहिला. त्यांना काय दिसलं? कोळी चावला म्हणावं, तर एकाच बाईला दरवर्षी त्याच दिवसांत पुन्हा पुन्हा कसा चावतो? पहिल्यांदा चावतो तोही बहुतेक वयात येताना. खरा दंश मनाचा होता. मनाविरुद्ध झालेलं लग्न, मनातच राहिलेला माणूस, दारिद्र्य, घरातलं मरण. जे बोलायला ज्या बायकांना जागाच नव्हती, ते वर्षातून एकदा कोळ्याच्या नावानं बाहेर पडायचं. आणि त्यासाठी ठेका लागायचा, सभोवती माणसं लागायची.

तिथं व्हायोलिन वाजवणारे लुईजी स्तिफानी होते. त्यांचा रोजचा धंदा काय? नार्दो गावात त्यांचं केशकर्तनालय होतं. दिवसा लोकांची दाढी करायची आणि बोलावणं आलं की अशा बायकांसाठी वाजवायला जायचं. मला आपले सेना महाराज आठवले. हातात वस्तरा, मनात हरी! देव सेवेकरी निवडताना धंदा विचारत नाही.

पण इथंही सांगतो. अंगात येणाऱ्या बाईची टवाळी करू नका, तिला देवी समजून तिच्या पायावर लेकरूही घालू नका. तिला जवळ बसवा आणि विचारा, "बाई, तुला काय चावलंय?" आणि झटके येत असतील, शुद्ध हरपत असेल, तर डॉक्टरकडं न्या.

तिसरी गोष्ट आफ्रिकेची, पण ती आपल्या शेजारी गुजरातेत येऊन राहिलेली. भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यात रतनपूर नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. त्याची सेवा सिद्दी लोक करतात. सिद्दी आपल्याला परके नाहीत, जंजिऱ्याच्या सिद्दींचं नाव आपल्या इतिहासात पानोपानी आहे. ह्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले. कोणी सैनिक म्हणून, कोणी खलाशी म्हणून, कित्येक गुलाम म्हणून. भाषा गेली, गावं गेली, ढोल राहिला. त्यांचा मुगरमान नावाचा उंच ढोल आहे. तो वाजवत ते नाचतात, त्याला धमाल म्हणतात, गोमाही म्हणतात. बाधा झालेली, मनानं खचलेली माणसं त्या दर्ग्यात येतात. त्यांत मुसलमान असतात, हिंदूही असतात.

हा गोमा शब्द कुठला? आफ्रिकेत बंटू कुळातल्या अनेक भाषांत 'न्गोमा' असा शब्द आहे. न्गोमा म्हणजे ढोल. त्या ढोलावरचा नाच, तोही न्गोमा. आणि आजाऱ्यासाठी सगळे मिळून जो विधी करतात, तोही न्गोमा. वाद्य, नाच आणि उपचार ह्यांना वेगवेगळे शब्द करायची त्यांना गरजच वाटली नाही. आपणसुद्धा 'गोंधळ' म्हणतो तेव्हा नाच, गाणं, संबळ आणि कुळधर्म सगळं एकदमच म्हणतो ना?

झांबिया देशातल्या एन्डेंबू लोकांत व्हिक्टर टर्नर नावाचे अभ्यासक जाऊन राहिले. १९६८ साली त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच दुःखाचे ढोल आहेत. त्यांनी पाहिलेला एक विधी ऐका. माणूस आजारी आहे. समजूत अशी की मेलेल्या शिकाऱ्याचा दात त्याच्या अंगात शिरलाय. वैदू येतो, ढोल सुरू होतात, सगळा गाव जमतो. मधेच वैदू ढोल थांबवतो. म्हणतो, ह्या माणसाबद्दल कोणाच्या मनात काय आहे ते बोला. मग मेहुणा उठतो, जुनं भांडण काढतो. भाऊबंद उठतात, वाटणीचं काढतात. आजारी माणसालाही आपल्या मनातलं बोलावं लागतं. परत ढोल, परत थांबणं, परत बोलणं. सगळ्यांच्या पोटातलं ओठावर आलं, की मग वैदू तो दात काढून दाखवतो. आता दात हातचलाखीनं काढला असेल, असेना का! त्याच्या आधी सगळा गाव मनानं मोकळा झाला, तो काही हातचलाखीनं झालेला नाही.

आपण बांधावरून भावाशी दहा-दहा वर्षं बोलत नाही, आणि सप्ताहात त्याच भावाच्या शेजारी उभे राहून टाळ वाजवतो. ढोल थांबल्यावर बोलायचं राहतं. म्हणून आपलं औषध अर्धंच लागतं.

चौथी गोष्ट अमेरिकेची. आफ्रिकेतून धरून नेलेली माणसं तिथं मळ्यांवर गुलाम म्हणून राबत होती. ९ सप्टेंबर १७३९, रविवार. साउथ कॅरोलिना प्रांतात स्टोनो नदीजवळ त्यांनी उठाव केला. ढोल वाजवत, निशाण घेत निघाले; वाटेत ढोल ऐकून आणखी लोक मिळत गेले. उठाव मोडला. पुढच्या वर्षी, १७४० साली तिथं कायदा झाला. त्यात गुलामांना लिहायला शिकवायला बंदी होती, आणि ढोल वाजवायलाही बंदी होती. मालकांनी अक्षर आणि ढोल एकाच कायद्यात बांधले. आपल्या डमरूची कथा आठवा. ज्यांना ती ठाऊक नव्हती, त्यांनाही कळलं होतं की दोन्हींचं मूळ एक आहे.

ढोल गेले. मग त्या माणसांनी काय केलं? अंगाचाच ढोल केला. मांडीवर थाप, छातीवर थाप, हातावर हात. रात्री प्रार्थनेला जमायचे. एक जण लाकडी जमिनीवर काठी आपटून ठेका धरायचा, बाकीचे टाळ्या वाजवत गोल फिरायचे. पाय उचलायचे नाहीत, सरकवत न्यायचे. कोणी देवाचं नाव काढायचं, बाकीचे झेलायचे. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर ही रीत अजून टिकून आहे. आपली पावली बघितलेल्या माणसाला ह्यात काही नवल वाटणार नाही. टाळी हे वाद्य देवानं जन्मासोबतच दिलंय. ते जप्त होत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

चार गोष्टी झाल्या. आता ह्यांना एका शाईनं जोडू.

ढोलाकडं कोण आलं? ज्याचं लेकरू गेलं तो आजोबा. जिला बोलायला जागा नव्हती ती मजूर बाई. ज्याचं भाऊबंदांशी फाटलं तो आजारी माणूस. ज्याचा देश, भाषा, नाव सगळं हिरावलं तो गुलाम. चौघांचं दुखणं एकच: ते तुटले होते. माणूस माणसांतून तुटला की जी आधी लागते, तिच्यावर ढोलाचा इलाज आहे. थाप पडते, माझा पाय आणि शेजाऱ्याचा पाय एका वेळी पडतो, आणि काही काळ मी एकटा उरत नाही.

नव्या काळातले शोधही तिकडंच बोट दाखवतात. इंग्लंडात ऑक्सफर्डचे रॉबिन डन्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मिळून गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या माणसांची वेदना सोसायची ताकद त्यानंतर वाढलेली दिसली. नुसतं बसून संगीत ऐकणाऱ्यांची तशी वाढली नाही. ऐकलंत ना? सप्ताहात मंडपाच्या खांबाला टेकून बसणाऱ्यांनी हे नीट वाचावं! टाळी वाजवा म्हणून बुवा उगीच ओरडत नाही.

आणखी एक. कंपवाताचा आजार असतो, पार्किन्सन म्हणतात. त्यात माणसाचा पाय जमिनीला खिळतो, पाऊल उचलतच नाही. १९९० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना ठरावीक ठेका ऐकवत चालवलं. त्यांची चाल सुधारली, पावलं लांब पडू लागली. आज असे उपचार जाणत्यांच्या देखरेखीखाली केले जातात. पण लक्षात घ्या, तिथंही गोळ्या बंद करून ठेका लावत नाहीत. गोळ्या चालूच असतात, ठेका सोबतीला असतो.

आता वारीकडं या. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सत्तरीची म्हातारी चालते, डोक्यावर तुळस घेऊन. घरी तिला चार पायऱ्या चढवत नाहीत. कशी चालते? तिला विचारा, ती म्हणेल, "माउली चालवतात." खरंच आहे. पण माउली कोणत्या रूपानं चालवतात? पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये विणेकरी, आणि गळ्यात मृदंग अडकवलेला तो घामेजलेला वारकरी. त्याच्या थापेवर शंभर पावलं एकदम पडतात, त्यातलं एक तिचं असतं.

इथं एक गोष्ट मला बोलायलाच हवी, ती टाळली तर निरूपण खोटं ठरेल. मृदंगाची पुडी कातड्याची. वादी कातड्याची. ते कातडं कोणी कमावलं? वास सोसून, चुन्यात हात घालून कोणी तरी ते कमावलं. त्या कातड्याचा मृदंग गाभाऱ्यापर्यंत गेला, आणि कातडं कमावणाऱ्याला आपण महाद्वाराबाहेर उभं केलं. हलगीशिवाय आपलं लग्न निघेना, जत्रा निघेना. हलगीवाल्याला मात्र पंगतीत पान नव्हतं. चोखोबारायांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे, आत नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, प्राण पणाला लावले, तेव्हा ते दार उघडलं. तोवर तिथं किती मृदंग वाजून गेले असतील हो! तुटलेल्याला जोडणं हे ज्या वाद्याचं काम, ते वाजत असताना आपण माणसं तोडत होतो. मृदंगात दोष नव्हता. वैद्य खरा होता, आपणच पथ्य पाळलं नाही. आजही एखाद्या गावात दिंडीच्या पंगतीत कोण कुठं बसतो हे बघितलं जात असेल, तर त्या गावाला मृदंगाचं औषध लागू पडायचं नाही.

शेवटी पुन्हा तात्यांकडं जाऊ. पाय गेल्यावर ते वर्षभर घराबाहेर पडले नव्हते. मुलगा सांगत होता, कोणाशी बोलत नव्हते, ताट परत जायचं. एका एकादशीला भजनी मंडळातली पोरं आली आणि त्यांना खुर्चीसकट उचलून देवळात घेऊन गेली. हातात टाळ दिला. त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी जेवायला मागितलं. पुढं इंजेक्शन वेळेवर घेऊ लागले. ते मृदंगानं घ्यायला लावलं म्हणा, नाही तर पोरांनी म्हणा. मला त्यात फरक करता येत नाही.

त्या दुसऱ्या सप्ताहात निघताना मी त्यांना म्हणालो, "तात्या, मी पुन्हा कधी रोगाचं बोलणार नाही." ते म्हणाले, "रोगाचं नका बोलू. पर बरं वाटतं हे सांगायचं सोडू नका. म्या त्याच्यावरच हाय."

म्हणून सांगतो, माउली. डॉक्टरांची पुडी वेळेवर घ्या, मृदंगाची पुडी रोज ऐका, एकीच्या जागी दुसरी धरू नका. मृदंग वाजला की खांब सोडून पुढं या, टाळी वाजवा. शेजारी कोण आहे ते बघू नका. आणि गावात कोणी दाराआड बसून असेल, पाय गेलेला, लेकरू गेलेलं, मनानं खचलेलं, तर तो देवळात येण्याची वाट बघू नका. चार जण जा आणि खुर्चीसकट उचलून आणा.

तात्या आता वैकुंठवासी झाले. अखेरपर्यंत ते पुढच्या रांगेत, मृदंगाच्या उजव्या हाताला बसत. एकच पाय होता, त्यानंच ठेका धरत. माझं वाक्य कुठं लंगडं पडलं, की मी तिकडं बघत असे.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!